बारा जणांची बोट

१

दिपमाला,

फोनवर तू विचारलंस, माझ्या जागी बोटीवर राहायचं म्हणजे नेमकं काय काय करायचं. मी म्हणाले, लिहून पाठवते. तुला वाटलं असेल टाळतेय. टाळत नव्हते. काही गोष्टी फोनवर सांगितल्या की हसू येतं, आणि तू हसावंस असं मला वाटत नाही.

सकाळी चहाच्या आधी तळ बघायचा. केबिनमधली मधली फळी उचल, आत बॅटरी मार. थोडा दमटपणा चालतो, लोखंडी पत्र्याला रात्रीतून घाम येतो. पाणी साचलेलं दिसलं तर डब्याने उपस, फडक्याने कोरडं कर आणि दोन तासांनी परत बघ. दोन तासांत पुन्हा साचलं तरच कुंदनला फोन कर. कुंदन माझा चुलतभाऊ. आयटीआय केलेला, हाताने हुशार, तोंडाने वात आणणारा. इंजिन, वायरिंग, सोलर सगळं त्याने बसवलंय.

गॅसची टाकी केबिनच्या आत कधीही ठेवायची नाही. गॅस जड असतो, गळला तर तळाशी जाऊन बसतो, आणि तळातून तो कुठे जाणार? बाहेर मागच्या कोपऱ्यात टाकीसाठी जाळी केलीय. दोर रोज संध्याकाळी बघ. उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्याचं पाणी उतरत जातं, दोर ताणला जातो आणि सकाळी बोट एका अंगाला लटकलेली सापडते. जलपर्णी पंख्यात अडकली तर इंजिन बंद करूनच हात घाल.

हे सगळं सोपं आहे. मी एप्रिल-मे, रावेरच्या त्या उन्हात, लोखंडी बोटीवर एकटी राहिले. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने येऊन सांगितलं की पोरीच्या जातीने पाण्यावर झोपू नये. केळीच्या बागेत सापांमध्ये रात्रीचं पाणी भरायला पोरीची जात चालते, पाण्यावर मात्र झोपायला चालत नाही. मी ऐकलं नाही. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

२

तू आलीस की केबिनच्या दाराशी उभी राहून आत बघ. दोन्ही बाजूंना लाकडी बाक आहेत, सहा माणसं इकडे, सहा तिकडे. बारा. आमच्या बचत गटाने ही जुनी बोट लिलावातून आणली तेव्हापासून सगळं या बारावर उभं होतं. फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी बघायला माणसं येतात, त्यांना बारा-बारा करून फिरवायचं, एखाद्या जोडप्याला रात्री बोटीवर राहायला द्यायचं. परवाना देणाऱ्या कार्यालयाने अट घातली: महिनाभर कुणीतरी बोटीवर राहून रोज दोनदा पाण्याची नोंद ठेवावी, मग वजनाची चाचणी, आणि मग बोटीवर क्षमतेची पाटी. पाटीवरच्या आकड्याखाली नोंद ठेवणाऱ्याची सही. म्हणजे माझी.

पहिली फेरी बचत गटातल्या बारा बायकांची ठरली होती. त्यात माझी आई, लताबाई. आईला पोहता येत नाही. विहिरीत डोकावतानासुद्धा ती काठाचा दगड धरते. पण म्हणाली, "तू म्हणशील तर बसेन."

ती नेहमी असंच करते. माझ्या स्कूटीवर मागे बसतानासुद्धा आधी विचारते, "बसू का?" मी "बस" म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही. वीस वर्षं बैलगाडीत उडी मारून चढणारी बाई, पण माझ्या गाडीवर बसायला माझी परवानगी लागते. मी कितीदा चिडले असेन. "अगं, बस ना! विचारतेस काय?"

हे लक्षात ठेव.

नोंदीसाठी दोन वस्तू आहेत. बोटीच्या बाहेर, मधोमध, कुंदनने स्टीलची पट्टी डकवलीय. पाणी कोणत्या आकड्याला टेकलंय ते काठावरून वाचायचं, बोटीत कुणी नसताना. दुसरी वस्तू केबिनच्या आडव्या पट्टीवर आहे. गवंड्याची पाणसळ. काचेच्या नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांमध्ये असला की बोट सरळ. बोट डावीकडे झुकली तर बुडबुडा उजवीकडे जातो, उजवीकडे झुकली तर डावीकडे. तू एकटी बाकावर बसलीस तरी तो हलतो. इतकी ती बोट हलकी आहे.

पाणी शांत असताना एका माणसाने पट्टीवर साधारण अर्धा सेंटिमीटर फरक पडतो. बोट पहिल्या दिवशी पाण्यात सोडली तेव्हा रिकामीचा आकडा साडेतीस होता. मी स्वतः वाचला, स्वतः लिहिला.

दुसऱ्या दिवशी तो एकतीस झाला. कारण दुसऱ्या दिवशी भटूनानांनी दगड आणून ठेवला.

३

भटूनाना तुला काठावर भेटतील. कडुलिंबाखालच्या टपरीत असतात, राखण करतात. मूळचे शिंदखेड्याकडचे, तरुणपणी इकडे आले आणि धरणाआधीपासून या पाण्यात लोकांची ने-आण करायची नाव चालवली. पन्नास वर्षं. बोलणं अजून तिकडचंच, अहिराणी.

दगड नदीतला होता, गुळगुळीत, काळपट, एका माणसाच्या वजनाचा. नाना आणि दोन गडी मिळून तो आत घेऊन आले आणि डाव्या बाकावर, दाराजवळच्या पहिल्या जागेवर ठेवून सुताच्या दोरीने बांधून टाकला. बाकाची ती फळी थोडी सैल आहे, तिच्यावर वजन आलं की 'टक्' असा आवाज होतो. दगड ठेवला तेव्हा तो झाला.

"नाना, हे काय?"

"तो बी एक मानूस शे."

"म्हणजे?"

"मन्ही नावमा पह्यलेपासून व्हता. दिनभर बठस, सांजले मी त्याले काठवर उतारी ठेवस. सकायले पुन्हा पह्यला त्याले बठाडस. मंग बाकीना."

"आणि कशासाठी?"

नानांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं. "रिकामी जागा दखाई का कोनी बी येईसन बठस, बेटा."

"मग बसू दे ना! बसायलाच तर बोट आणलीय. तिकीट काढून बसतील."

वायरिंग करत बसलेला कुंदन हसला. नानाही हसले, पण त्यांचं हसणं फक्त तोंडापुरतं होतं. "पन्नास वरीस नाव हाकी मी. एक बी मानूस बुडना नही. तू शिकेल शे, तुले बठ्ठं समजस."

हा टोमणा होता आणि तो मला बरोबर लागला. मी जळगावला पाच वर्षं राहून एम.एस्सी. केलंय. एका दगडासाठी बारातली एक जागा घालवायची, आणि येणाऱ्या माणसांना सांगायचं काय, ही सीट दगडाची आहे?

चौथ्या दिवशी नाना बाजाराला गेले होते. कुंदनला बोलावलं, दोरी कापली आणि दोघांनी दगड लोटत दाराशी आणला. कुंदन म्हणाला, "काठावर ठेवू ना, नानांना परत देऊ." मी म्हणाले, "परत दिला तर परत आणतील." आणि पायाने ढकलला.

तिथे पाणी वीस-बावीस फूट आहे. पाणी उडून माझ्या तोंडावर आलं. बराच वेळ खालून बुडबुडे येत राहिले.

४

त्या संध्याकाळी काठावरून पट्टी वाचली. एकतीस.

आता तूच हिशेब कर. रिकामी साडेतीस, दगडासकट एकतीस. दगड गेला. मग किती यायला हवं?

मी वाकून वाचलं, मग गुडघ्यावर बसून वाचलं, मग मोबाइलमध्ये फोटो काढून मोठा करून बघितला. एकतीस. वहीत लिहिलं आणि शेजारी लिहिलं, 'वाचण्यात चूक?' वहीत अजून असेल, बघ.

आत जाऊन पाणसळ बघितली. माझं अंथरूण उजव्या बाकावर असायचं. दगड डावीकडे होता तेव्हा मी उजवीकडे बसले की दोघांचा तोल जमायचा, बुडबुडा मध्ये. आता डावीकडे काही नव्हतं. मी उजवीकडे बसले. बोट उजवीकडे झुकायला हवी होती. झुकली. बुडबुडा डावीकडे सरकला. मी म्हटलं, चला.

तेवढ्यात समोरच्या बाकाची फळी 'टक्' वाजली.

बुडबुडा सावकाश परत आला आणि दोन रेघांच्या मध्ये थांबला.

५

मी घाबरट नाही. पहिल्यांदा मला राग आला. स्वतःवर, कुंदनच्या पट्टीवर, उन्हावर. दिवसभर तापलेलं लाकूड संध्याकाळी वाजतं, हे कुणालाही माहीत आहे. नवीन दोर ओला झाला की आखडतो, बोट ओढली जाते, बुडबुडा हलतो. पत्र्याला दोन थर असतील आणि मध्ये पाणी शिरलं असेल, म्हणून वजन वाढलं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. ही कारणं मी वहीत लिहून काढली आणि एकेक करून तपासली. तुला सांगते, बोटीबद्दल मी जे काही शिकले ते या आठ दिवसांत.

दोर सैल सोडून बघितला. फरक नाही. पाण्याची टाकी, डिझेल, सगळं काढून काठावर ठेवलं. जेवढं वजन काढलं तेवढी बोट वर आली, त्या जास्तीच्या अर्ध्या सेंटिमीटरला काही झालं नाही. पट्टी सरकली असेल म्हणून पहिल्या दिवशीचा फोटो शोधून बघितला. त्यात ती त्याच जागी होती. शेवटी कुंदनने तळाच्या पत्र्याला आतून भोक पाडलं. म्हणत होता, "हेमा, बुडवतेस बोट." दोन थर होतेच. मधली जागा कोरडी ठणठणीत होती, आत कोळ्याचं जाळं होतं. भोक त्याने परत बुजवलं. मधल्या फळीखाली दिसेल तुला, तांबड्या रंगाचा ठिपका. तो दर महिन्याला बघत जा.

मग चाचणीचा दिवस आला. कार्यालयातले साहेब आले, त्यांच्यासमोर वाळूच्या गोण्या भरायच्या होत्या. एक गोणी म्हणजे एक माणूस. केळीच्या पॅकिंगच्या काट्यावर प्रत्येक गोणी तोलून घेतली होती. चालवणारे आम्ही दोघं आत धरून, बाराव्या गोणीला बाहेरची, भाराची मर्यादा दाखवणारी लाल रेघ पाण्याला टेकायला हवी होती.

अकराव्या गोणीलाच टेकली.

साहेब चहा पीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. कुंदन माझ्याकडे बघत होता. बारावी गोणी काठावर उभी होती.

"लहरींमुळे असेल," साहेब म्हणाले. "बोट बाराचीच आहे ना? कागदावर बारा आहे. बारा लिहा. पाटी रंगवून ठेवा, सही तुमची. परवा उद्‌घाटन उरका."

वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. लहरी कुठून येणार?

६

दुपारी दोनला फुगवट्यावर चिटपाखरू नसतं. काठावर माणूस दिसत नाही, केळीची पानं कडेने करपून लोंबत असतात, पाणी तव्यासारखं चपटं. केबिनचा पत्रा हाताला चटका देतो. अशा वेळी मी आत बसायची नाही, पण त्या दिवशी बसले. समोर कोरी पाटी आणि रंगाचा डबा.

बारा लिहायचं की अकरा?

बारा लिहिलं तर परवा या बाकांवर बारा बायका बसणार, लाल रेघ पाण्याखाली जाणार, मध्यभागी एखादी उठून फोटो काढायला एका बाजूला गेली की संपलं. त्यात माझी आई. ती बसणार, कारण मी 'बस' म्हणणार. आणि अकरा लिहिलं तर नाना जिंकले. ग्रामसभेत उभं राहून मी म्हणाले होते, दगडधोंडे पुजण्याचे दिवस गेले. ते गाव अकरा वाचून हसणार.

मी उजव्या बाकावर होते. बुडबुडा मध्ये. म्हणजे समोर—

मी उठले. असं करायचं नव्हतं, पण मी चिडले की पाय आधी उचलतात. दोन पावलं टाकून समोर गेले आणि डाव्या बाकावर, दाराजवळच्या पहिल्या जागेवर, जाऊन बसले. मुद्दाम, आदळून.

'टक्' झालं नाही. ती फळी आधीच दबलेली होती.

बोट डावीकडे झुकली. खूप झुकली, एका माणसाने झुकते त्याच्या दुप्पट. बुडबुडा उजव्या टोकाला जाऊन चिकटला. माझ्या डाव्या दंडाला गारवा जाणवला, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत, ओल्या मडक्याजवळ बसल्यावर लागतो तसा. मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती का, मला अजून ठरवता येत नाही.

मग फळी 'टक्' वाजली, वजन उठल्यासारखी. बोट हळूच सरळ झाली. मधल्या फळीने एकदा, दोनदा आवाज केला. बुडबुडा मध्ये येऊन थांबला.

समोर उजव्या बाकावर माझं अंथरूण होतं. आईने शिवलेली गोधडी. ती मध्यभागी हळूहळू खाली गेली आणि चारी बाजूंनी तिच्या सुरकुत्या आत ओढल्या गेल्या.

ते समोरासमोर बसायला बघत होतं, एवढंच. पाहुणे बसतात तसं. मी जिथे बसेन त्याच्या समोर.

मी पाटीवर अकरा लिहिलं. गोधडीवरून नजर काढली नाही, म्हणून दुसरा एक जरा वाकडा आलाय. बघशील.

७

नानांकडे जाताना मी ठरवलं होतं की माफी मागायची नाही. त्यांच्या खाटेशी उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, दुसरा दगड चालेल का? मी आणते. पाहिजे तेवढा मोठा."

नानांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "पह्यला कोठे शे?"

"पाण्यात."

"तू टाका?"

"हो."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी उलट ओरडले असते.

"आते दगड आनीसन काय करशी? आते ती जागा रिकामी नही शे."

"कोण आहे नाना तिथे?"

"माले काय माहीत? मी कधी दखेल नही. दखनं पडू नही म्हनीसन तर दगड व्हता." मग ते खाली बघत म्हणाले, "त्यानी काही वाकडं करं का तुन्हं?"

मी विचार केला. "नाही."

"मंग बठू दे. जो बठना तो बठना. ती जागा सोडी दे, त्याले ऊठ म्हनू नको, उतर म्हनू नको. बोट पानीमा, तो बोटमा. काठवरला लोके काठवर."

एवढंच. दिपमाला, मी आजवर शंभर म्हाताऱ्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं केलंय. हे मात्र ऐकलं, मान हलवली, आणि दोन दिवसांत विसरले. विसरले म्हणजे, बोटीत पाळलं. काठावर विसरले.

८

उद्‌घाटनाला मांडव घातला होता, केळीचे खांब बांधले होते. पाटी बघून बायका गोंधळल्या. "अगं, आम्ही बारा जणी." बेबाबाई सगळ्यांत मागे होत्या, त्यांना मी थांबवलं.

"का? मी जाड आहे म्हणून?"

"नाही काकू, पाटीवर अकरा आहे."

"पाटी तूच रंगवलीस ना? मग खोड आणि बारा कर! एम.एस्सी. झालीस आणि बारा लिहिता येईना?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. बेबाबाई काठावर खुर्ची घेऊन फुगून बसल्या.

चपला काठावर काढून बायका एकेक करून काठावरून टाकलेल्या फळीवरून आत गेल्या. आई माझा हात धरून शेवटी आली. आत सगळ्या बसल्या होत्या. डाव्या बाकावर दाराजवळची पहिली जागा कुणी घेतली नव्हती. मी सांगायच्या आधीच सगळ्या सरकून पुढे बसल्या होत्या, का ते त्यांनाही माहीत नसावं.

"इथे बसू का?" आईने त्याच जागेकडे बोट दाखवलं.

"तिथे नाही!"

इतकी जोरात ओरडले की गप्पा थांबल्या. आई दचकली. मग समोर, उजव्या बाकाच्या पहिल्या जागेवर बसली. तिच्या समोर ती मोकळी जागा. तीन फुटांवर.

फेरी चाळीस मिनिटांची. डावीकडे पाच बायका, उजवीकडे सहा, आणि पाणसळीचा बुडबुडा एकदासुद्धा मधून हलला नाही. मी दारात उभी राहून तोच बघत होते. आई खिडकीतून बगळे बघायचं सोडून समोर बघत होती, तिला समोर माणूस असला की जसं अवघडल्यासारखं हसू येतं, तसं हसत. काही वाईट झालं नाही. लाल रेघ पाण्याला टेकली, पण खाली गेली नाही. आम्ही काठाला लागलो तेव्हा माझ्या अंगातलं महिन्याचं ओझं उतरलं. कुंदनने उडी मारून दोर बांधला. मी फळी टाकली आणि काठावर उतरून उभी राहिले.

आणि बायका उतरेनात. फोटो चालले होते. एकमेकींचे, पाण्याचे, पाटीचे. वर मांडवात साहेब घड्याळ बघत होते. ऊन चढत होतं. मला म्हाताऱ्या बायकांच्या या रेंगाळण्याचा जन्मापासून वैताग आहे. मी फळीवर हात आपटला आणि ओरडले,

"उतरा गं सगळ्या! फेरी संपली. आत कुणीसुद्धा बसून राहू नका!"

उतरल्या. मी मोजल्या. एक, दोन, पाच, आठ. आई अकरावी. फळीच्या टोकाशी ती थांबली आणि पदर सावरत कडेला सरकली, मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी.

आत 'टक्' वाजलं.

मग उतरायची फळी मध्यभागी वाकली. तिच्यावर कुणी नव्हतं. वाकली, काठाच्या बाजूने जरा जास्त वाकली, आणि सरळ झाली. फळीवरच्या धुळीत नवा ठसा उमटला नाही. मी पट्टी बघितली.

साडेतीस. पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदा.

वर टपरीसमोर भटूनाना उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते माझ्या शेजारी बघत होते.

९

आईला घरी सोडायचं होतं. तिला कळू द्यायचं नव्हतं, मला तिथून निघायचं होतं, एवढंच डोक्यात होतं. कडुलिंबाखाली स्कूटी लावलेली. मी स्टँड काढला, बसले, चावी फिरवली. मांडवातला स्पीकर वाजत होता, लोकांचा गलका होता.

गाडी मागून दबली. स्प्रिंगने नेहमीचा आवाज केला, आई बसते तेव्हा करतो तोच.

मी म्हणाले, "नीट बसलीस ना?"

उत्तर आलं नाही. पाठीला गारवा लागला, ओल्या मडक्यासारखा.

आरशात बघितलं. मागे सीटवर काही दिसत नव्हतं. त्याच्या पलीकडे, काठाच्या चढावर, आई येत होती. चपला शोधायला मागे राहिली होती. एक पायात घातलेली, दुसरी हातात. धाप लागलेली.

"थांब गं, किती घाई तुला," ती म्हणाली. जवळ आली. चप्पल खाली टाकून पायात सरकवली, पदर खोचला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बसू का?"

दबलेली स्प्रिंग जराशी वर आली. पुढे सरकून मागे जागा करून द्यावी, तशी.

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणाले, "नको."

"नको म्हणजे? काय झालं?"

"कुंदनच्या गाडीवर बस. घरी जा. माझ्या मागे बसू नकोस." आणि ॲक्सिलरेटर पिळला. आरशात ती रस्त्याच्या मध्ये उभी राहिलेली दिसली, हात अजून खांद्याच्या उंचीवर. मी वळणापर्यंत बघत होते. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं मागचं खाली टेकत होतं, दोघं बसल्यावर टेकतं तसं. घराचं वळण आलं. मी वळले नाही. सरळ जळगावचा रस्ता धरला.

१०

त्याला तीन महिने झाले. इथे जळगावात डाळमिलच्या मागे एक खोली घेतलीय. आई रोज फोन करते, घरी कधी येतेस विचारते, मी चिडचिड करते आणि फोन ठेवते. तिला वाटतं मी तिच्यावर रागावलेय. वाटू दे. एकदा ती एसटीने यायला निघाली होती, मी कुंदनला सांगून तिला रावेरच्या स्टँडवरून परत पाठवलं. तू गावात भेटशील तिला. सांग की माझं बरं चाललंय. आणि मी बोलावल्याशिवाय तिने यायचं नाही.

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एक मी मालकाला परत देणार होते. मग विचार केला आणि ठेवली, माझ्या समोर.

तर बोटीबद्दल. दोर, तळ, गॅस, जलपर्णी, तांबडा ठिपका, सगळं सांगितलं. दरवर्षी पावसाळ्याआधी पत्रा तारेच्या ब्रशने घासून दोन हात रंग दे. पट्टी रोज वाच, साडेतीसच येईल. नानांना विचारून नदीतून नवा दगड आण आणि पहिल्या दिवशी, तुझं अंथरूण टाकायच्या आधी, डाव्या बाकावर ठेव. कुंदनला हाताशी घेऊन संध्याकाळी काठावर उतरव, सकाळी सगळ्यांच्या आधी बसव. गाव हसेल. हसू दे.

दगड धरून बारा. म्हणजे माणसं अकराच. पाटी बरोबर आहे, खोडू नकोस. फक्त वाकडा आलेला तो एक नीट करून घे.

— हेमांगी